चाकात बसलेली जिवनबाई

पुसेगावच्या वाटेवरच्या तांड्यात सकाळपासून जत्रा भरली होती. देव नव्हता, देवी नव्हती. होती देविदासची पांढरी कार. तिच्या डाव्या पुढच्या चाकाला हळदकुंकू फासलेलं, आरशाला लिंबं लटकवलेली, आणि बायाबापड्या त्या रबराच्या पाया पडत होत्या.

कारण काय, तर गाडी चालू लागली की ते चाक किंचाळायचं. शेजारी मांडव घालून पाटावर बसलेल्या हरिचंदबुवानं डोळे फिरवून निदान केलं होतं, की देविदासची वारलेली आई जिवनबाई चाकात येऊन बसली आहे. मळमळतं म्हणून जी बाई हयातभर एसटीत चढली नाही, ती मेल्यावर हौसेनं चाकात जाऊन बसली म्हणे!

देविदासची धाकटी बहीण निता सगळं पाहत उभी होती. ती सेनगावच्या शाळेत विज्ञान शिकवायची आणि तांड्यातल्या पोरींना घेऊन याच गाडीतून रोज जायची. वाटेत लांबलचक उतार, आणि तळाशी अरुंद पूल. आपल्या याडीचं, आईचं, नाव या भोंदूच्या तोंडी ऐकून तिच्या तळपायाची आग मस्तकात गेली.

"म्हातारी तहानली हाय!" बुवा गरजला. "मंतरलेलं तेल पायजे तिला!"

त्यानं चाकाच्या भोकांतून तेलाची धार आत सोडली. उजव्या चाकाला वाईट वाटू नये म्हणून त्यालाही पाजलं. देविदासनं गाडी अगदी सावकाश थोडी फिरवून आणली. आवाज बंद! लोकांनी धडाधड नारळ फोडले, आणि दप्तरं घेतलेल्या पोरी गाडीत बसायला निघाल्या.

तांड्याच्या जुन्या पिढ्या बैलांच्या पाठीवर माल लादून मुलूखभर फिरलेल्या. पुढं बैलगाड्या आल्या. चाक कुरकुरलं की आखाला वंगण द्यायचं, हे इथं लेकरालाही कळतं. त्यामुळे तेलाची शंका कुणालाच आली नाही. नितालाच आली.

"दादा, ब्रेक दाबला की आवाज बदलायचा का?"

"व्हय, थांबायचा. काहून?"

"मंग पोरी बसायच्या आधी गाडी खळ्यात पळव, आन् या रेघेवर थांबवून दाखव."

"म्हातारी कोपंल!" बुवा ओरडला.

"कोपू द्या. माझी आई हाय, मी बघून घेते."

तिनं रिकाम्या खळ्यात पायानं रेघ ओढली. देविदासनं गाडी पळवली आणि रेघेपाशी ब्रेक दाबला. गाडी थांबेना! रेघ मागं पडली आणि गाडी सरळ बुवाच्या मांडवाकडे निघाली. त्रिकाळ जाणणारा बुवा धोतर सावरत पाटावरून असा उडाला, की त्याची खडाव तिथंच राहिली. देविदासनं हँडब्रेक ओढला, तेव्हा कुठं गाडी मांडवाच्या खांबाला टेकून उभी राहिली.

घामाघूम देविदासनं जॅक लावून डावं चाक काढलं. ब्रेकचं पॅड झिजून गेलेलं, आणि त्याच्या कडेची लोखंडी पट्टी चाकासोबत फिरणाऱ्या तबकडीवर टेकलेली. सगळ्यावर बुवाचं तेल निथळत होतं.

"ही पट्टी मुद्दामच बसवतात," निता म्हणाली. "पॅड झिजलं की ती घासते आन् वरडते; ब्रेक दाबला की दबून गप बसते. बैलगाडीच्या आखाला तेल लागतं, दादा. ब्रेक तर घासूनच चाक धरतो. त्याला तेल पाजलं की तो धरील काय?"

"मंग याडी...?" देविदासनं चाकावरचं हळदकुंकू बघत विचारलं.

"याडी न्हाई ती. ब्रेक संपत आला, हे चाक वरडून सांगून राहिलं होतं. आपण त्याचंच तोंड बंद केलं, आन् वरून आपल्याच पोरी गाडीत बसवून राहिलो होतो."

देविदासनं उताराकडे पाहिलं, मग पोरींकडे, आणि गाडीची किल्ली काढून निताच्या हातात दिली. बुवाला शोधायला लोक वळले, तर मांडवात फक्त खडाव होती. पोरी त्या दिवशी एसटीनं शाळेत गेल्या.

बाबांनो, यंत्र ओरडलं तर यंत्र जाणणाऱ्याकडे जा. मेलेल्या आईच्या नावानं जिवंत लेकरं उतारावर सोडू नका.