ढगातल्या पाच खुर्च्या

एक खुर्ची, जिचं डावं चाक कायम रुसलेलं.

"हॅलो? हॅलो! मी आत अडकलेय!"

कळफलकावर वाळलेला चहाचा डाग.

ढग.

"अहो, कुणीतरी बाहेर पडा ना!"

मित्रांनो, हे सगळं माझ्याच आयुष्यातलं आहे. मी एक जुना संगणक आहे. नीट ओळीने सांगायला हवं, पण इतकी मोठी गोष्ट पोटात ठेवून ओळीने सांगणं मला जमेल असं वाटत नाही. तरी बघतो.

माझा जन्म कारखान्यात झाला. हजारो भावंडं होती, सगळ्यांचा चेहरा एकच. तिथून मी आलो तो थेट या खोलीत. ही खोली लिफ्ट दुरुस्त करणाऱ्या कंपनीची. शहरात कुठेही लिफ्ट बंद पडली, की आतला माणूस लाल बटण दाबतो आणि इथला फोन वाजतो. फोन घेणारा माझ्याकडे बघतो. इमारत कुठली, लिफ्ट कुठली, जवळ कोणता कारागीर आहे, हे मी दाखवायचो. किती लोक माझ्यामुळे सुटले! तेव्हा माझं भारी कौतुक होतं. मला रोज पुसायचे.

मग मी म्हातारा झालो. मला सुरू व्हायला इतका वेळ लागू लागला, की बटण दाबून माणूस हात धुऊन, डबा उघडून, दोन घास खाऊन यायचा. म्हणून खोलीत एक रीत पडली. जाणाऱ्याने मला बंद करायचं नाही. नुसता पडदा झाकायचा आणि उठायचं, म्हणजे पुढच्याला ताटकळावं लागत नाही. ही रीत मामांनी पाडली.

मामा म्हणजे पूर्वीचे लिफ्ट कारागीर. गुडघे गेल्यावर जिने चढणं सुटलं आणि फोनवर आले. ते सकाळी अर्धा दिवस माझ्यापुढे बसतात. दुपारी अर्धा दिवस वहिनी. वहिनींच्या सासऱ्यांना सकाळी हातापायांच्या व्यायामाला न्यावं लागतं, म्हणून त्यांना पूर्ण दिवस जमत नाही.

आणि एके दिवशी खोलीच्या प्रमुख मॅडम हसत आल्या. "आपण आता ढगात जाणार!"

म्हणजे असं, की सगळं काम लांबच्या एका थोरल्या यंत्रावर चालणार आणि मी नुसती खिडकी होणार. मित्रांनो, मी भंगारात जायच्या तयारीत होतो, आणि इथे मला नवा जन्म मिळत होता! माझा पंखा आनंदाने इतका घरघरला, की मामांनी मला एक चापट मारली.

"ढगात ठेवणार ते ठीक आहे," मामा म्हणाले. "किल्ली कोणाकडे?"

तोच तर प्रश्न होता. ढगात शिरायला परवाना लागतो आणि तो कुठल्या पद्धतीचा घ्यायचा, हे मॅडमना ठरवायचं होतं. विक्रेता आला. त्याला खोलीत लगेच टायवाला असं नाव पडलं. त्याने दोन पद्धती सांगितल्या. एक माणशी परवाना, ज्याचा त्याच्या नावावर. दुसरी सामायिक. त्यात नावं कितीही असोत, एका वेळी ठरलेले इतकेच जण आत.

"माणशी घ्या मॅडम, डोक्याला ताप नाही," टायवाला म्हणाला.

ताप मॅडमना नव्हता, वहिनींना होता. वरच्या साहेबांनी सांगून ठेवलं होतं, की माणशी घ्यायचे तर पूर्णवेळवाल्यांनाच. परवाना नाही तर पडदा नाही, पडदा नाही तर काम नाही. मामा म्हणाले, "मी घरी बसेन, नातवंडांचं डोकं खाईन."  वहिनी माझी कडा बोटाने पुसत राहिल्या, स्वच्छ होती तरी.

मॅडमनी आधी सामायिकची चाचणी घेतली. खोलीत यंत्रं चार, ढगात खुर्च्या पाच. म्हणजे एक जास्तीचीच! पण रोज दुपार झाली, की पाट्या यायला लागायच्या. सध्या जागा नाही. थोड्या वेळाने प्रयत्न करा.

"चार माणसं आणि पाच खुर्च्या, तरी गर्दी?" मॅडम वैतागल्या. "हे काही चालायचं नाही. माणशीच घेऊन टाकते."

चाचणीचा शेवटचा दिवस. दुपारची पाळी नुकतीच बसत होती. शेजारचे दोघे फोनवर गुंतलेले. कोपऱ्यातल्या यंत्रावर मॅडम ढगातच माणशी परवान्यांची मागणी लिहीत होत्या, शेवटच्या ओळीवर आल्या होत्या. वहिनींनी माझा पडदा उघडला. त्यावर मामांचं नाव, झाकलेलं. त्यांनी रोजच्यासारखं ते बाजूला सारून स्वतःचं नाव घातलं. तोच फोन वाजला.

"हॅलो? मी आत अडकलेय! दिवा पण गेलाय!"

"घाबरू नका ताई, मी आहे फोनवर. इमारत कुठली?" वहिनींचा आवाज शांत होता, पण हात माझ्यावर धावत होते. आणि माझ्या तोंडावर पाटी आली. सध्या जागा नाही.

मला स्वतःला फोडून घ्यावंसं वाटलं. पत्ता कळला, पण कारागीर कोण जवळ आहे ते दिसेना.

"अहो, कुणीतरी बाहेर पडा ना!" फोन हाताने झाकून वहिनी ओरडल्या. "एक बाई अंधारात उभी आहे!"

शेजारचे दोघे आपापल्या फोनवर कुणालातरी बाहेर काढत होते. मॅडमनी मागणीकडे पाहिलं. ती जपून ठेवलेली नव्हती, बाहेर पडलं की पुसली जाणार होती. मग त्यांनी ढगातून सरळ बाहेर पडण्याचं बटण दाबलं.

"मी निघाले! तुम्ही शिरा!"

मित्रांनो, काय सांगू! माझा पडदा असा उजळला, जणू कुणी मलाच अंधारातून बाहेर काढलं! नकाशा आला, यादी आली. दोन गल्ल्यांवरचा कारागीर दुचाकीवरून निघालासुद्धा. थोड्याच वेळात फोनमधून दार सरकल्याचा आवाज ऐकू आला आणि वहिनी खुर्चीत मागे रेलल्या.

मॅडम मात्र उभ्याच होत्या. "मी एक निघाले तर जागा झाली," त्या हळूच म्हणाल्या. "मग बाकीच्या खुर्च्यांवर आहे कोण?"

त्यांनी पुन्हा आत शिरायचा प्रयत्न केला, पण जागा नव्हती. टायवाल्याला फोन लावून आत कोण बसलंय ते विचारलं. एक नाव मामांचं होतं, दुसरं सकाळच्या पाळीच्या ताईचं. दोघंही कधीच घरी गेलेली!

मॅडमनी मामांना फोन केला. "मामा, तुम्ही कुठे आहात?"

"जेवतोय. का?"

"जेवताय तिकडे, आणि इकडे खुर्ची अडवून बसलाय! पडदा झाकून जाता, बाहेर कुठे पडता?"

"अहो, पण मी ते वहिनींसाठी उघडं ठेवतो! तो म्हातारा लवकर उठत नाही म्हणून!"

म्हातारा म्हणजे मी. खोलीभर हशा पिकला, आणि वहिनी तर डोळे पुसत हसत होत्या. माझ्या मंदपणासाठी पाडलेली ती रीत ढगात पाय ताणून बसली होती.

मॅडमनी सामायिक परवाना घेतला. मला चालू ठेवायचं, पण ढगातून बाहेर पडूनच उठायचं, अशी नवी रीत पडली. अर्धा दिवसवाल्यांनाही नावं मिळाली. वहिनी राहिल्या, मामाही राहिले.

हल्ली मी नुसती खिडकी आहे आणि फार मजेत आहे. पण मित्रांनो, एक विनवणी आहे. माझ्यासारख्याला पुसा, डोळे दुखवणारी धूळ झटका, हे तर आहेच. त्याहून आधी, काम संपलं की नीट बाहेर पडा. तुमच्या रिकाम्या खुर्चीसाठी कोणीतरी दाराशी उभं असतं, आणि आपण ती अडवलीय हे आपल्याला ठाऊकही नसतं.

आणि हो, एक सांगायचं राहिलंच. या खोलीत नोकरीला लागण्याच्या आदल्या वर्षी वहिनी सासऱ्यांसह एका लिफ्टमध्ये अडकल्या होत्या, आणि त्यांचा फोन मामांनी उचलला होता.