मेलेली बाई दुसऱ्या रांगेत

सभागृहाच्या दारातच तिने पिशवीतून पुस्तक काढलं आणि मुलाच्या छातीवर आपटलं.

“सुनेनं सासूचा खून करावा, आणि वर गाव गोळा करून त्याचं प्रकाशन करावं? शोभतं का हे?”

“आई, हळू. गोष्ट आहे ती.”

“गोष्टीत मेले म्हणजे काय कमी मेले? पहिल्याच पानावर आडवी पाडलीय मला. पुस्तकमहोत्सवाच्या मांडवामागे, हातात चहाचा कप. आणि संशय कोणावर, तर अख्ख्या गावावर! मी काय घोडं मारलंय गावाचं?”

मुलाने तिला दुसऱ्या रांगेत बसवलं आणि ती उठलीच तर अडवता यावं अशा बेताने शेजारी बसला. उठणार तर ती होतीच. भर सभेत सुनेला जाब विचारायचा, हे तिने सकाळीच भांडी विसळता विसळता जाहीर केलं होतं.

शाळा तिची दुसरीतच सुटली होती. कादंबरीचं पहिलं पान तिने बोट ठेवून, अक्षराला अक्षर जोडून वाचलं होतं. त्यानंतर पुस्तक जे तिच्या खोलीत गेलं, ते आजच बाहेर आलं.

सून व्यासपीठावर बसली होती. गावचा महोत्सव लहान, पण तिचं पुस्तक पहिलं. पायाची बोटं चपलेत आवळून ती माईकची वाट बघत होती. माईक अध्यक्षांच्या हातात होता. ते निवृत्त प्राध्यापक होते आणि तो सोडायचा त्यांचा विचार दिसत नव्हता.

“प्रयत्न कौतुकास्पद आहे,” ते म्हणाले. “दुपारी वेळ घालवायला पुस्तक ठीक. पण मुळातच खोट आहे. ही मेलेली म्हातारी! जिचा गळा दाबावा असं प्रत्येकाला वाटतं, अशी खाष्ट बाई जगात असते का? लेखिकेनं आधी माणसं बघावीत. घरबसल्या कल्पना लढवून कादंबरी होत नाही.”

पुढच्या रांगेत काहीजण हसले. विकत घ्यायला म्हणून पुस्तक उचललेल्या एका बाईने ते हळूच परत गठ्ठ्यावर ठेवलं. सुनेने मान खाली घातली.

सासू उठली. मुलाने धरलेला हात तिने झटकून टाकला.

“असते,” ती म्हणाली.

“काय असते, आजीबाई?”

“अशी बाई. ती मेलेली मीच.”

सुनेचा चेहरा पांढराफटक पडला. ग्रंथपालबाई दुसरा माईक घेऊन धावत आल्या. पण सासूच्या आवाजाला माईकची गरज जन्मात पडली नव्हती.

“ए शिंपीदादा, तोंड कुठं लपवतोस? तू शिवलेल्या झग्याला मी भर दुकानात पोतं म्हणाले होते की नाही?”

“दोनदा, काकू.”

“आणि दातांचे डॉक्टर, तुमच्या बोटाला चावले ते काही चुकून नव्हे.”

“मला तेव्हाच शंका आली होती,” डॉक्टर म्हणाले.

“मग झालं तर. लाजू नका. आजवर ज्याला ज्याला माझा गळा दाबावासा वाटला, त्यानं हात वर करा.”

आधी शिंप्याचा हात वर गेला. डॉक्टरांचा गेला. बेकरीवाल्याचा, पोस्टमनचा, ग्रंथपालबाईंचा तर माईकसकट. बघता बघता मागच्या भिंतीपर्यंत हातच हात झाले. सगळ्यांत शेवटी, कान खाजवतोय असं दाखवत, तिच्या मुलाचा.

ती सावकाश मागे वळली आणि घरच्या कार्याला आलेली माणसं न्याहाळावीत तसा एकेक हात तिने न्याहाळला.

“बघा, साहेब. सुनेनं पदरचं एक अक्षर घातलेलं नाही. उलट पुष्कळ झाकून घेतलंय. आणि एवढ्या जणांतून खुनी कोण निघतो, ते शेवटच्या पानावर आहे. मी तर भलत्यालाच धरून बसले होते. सांगणार मात्र नाही. पैसे टाका आणि वाचा.”

“आई, तू शेवटपर्यंत वाचलंस?” मुलगा पुटपुटला.

“तुझा हात खाली घे आधी. दिसला मला.”

हशा उसळला, त्यातच टाळ्या मिसळल्या. अध्यक्षांनी माईक आपणहून टेबलावर ठेवला. लोक खुर्च्या सरकवत पुस्तकांच्या टेबलाकडे धावले. गठ्ठा संपला, तशी ग्रंथपालबाईंनी खाली ठेवलेली खोकी फोडायला घेतली.

गर्दीतून वाट काढत सून सासूपाशी आली. डोळे भरलेले.

“आई, मी...”

सासूने तिच्या हनुवटीखाली बोट घातलं आणि चेहरा वर उचलला.

“रडतेस कसली? इतक्या वर्षांत माझ्यापुढं कधी मान खाली घातली नाहीस, आणि त्या माणसापुढं घातलीस? खून केलास तो माफ. हे माफ नाही.”