भिमाजी नावाचा हंगाम

सन १९९८, वैशाख अर्धा सरला होता. निमगाव सावाच्या शिवारात वादळ झालं आणि मी आडवा झालो. तेव्हापासून आडवाच आहे.

त्याआधी मी कडुनिंब होतो, बांधावर उभा. आता मी मालिशीचा बाक आहे. जुन्नरला अमृतलाल शेठच्या तेलाच्या दुकानामागे माझी खोली आहे. मी शिकलेला नाही. पण पाठी ओळखतो.

शेठचं तेल खपत नव्हतं. तीळ चांगला, घाणा चांगला, पण गिऱ्हाईक वास घेऊन पुढे जायचं. तेव्हा शेठने ठरवलं, तेल लावूनच दाखवायचं. डिंगोऱ्याचा चांगदेव, तालमीतला गडी, मालिशीला ठेवला. राहिलं बाकाचं लाकूड.

माझा मालक भिमाजी. त्याच्या बापाने मला लावलं होतं. मी पडल्यावर वखारवाला साडेतीनशे द्यायला तयार होता. भिमाजीने त्याला हाकलून दिलं. बापाने लावलेलं झाड विकलं असं कोणी म्हणायला नको. शेठला मात्र मला तसंच देऊन टाकलं. शेठ खिशात हात घालू लागला तसा भिमाजी म्हणाला, "पैसं ऱ्हाऊ द्या. माझी पाठ दुखली की साडेतीनशेची मालिश करा. झाली फिटंफाट."

शेठने मान डोलावली. तिथेच चुकलं. भिमाजीची पाठ दुखेना.

दुसऱ्याचं देणं ठेवून शेठला जेवण गोड लागत नसे. दर बाजाराला तो भिमाजीला गाठायचा.

"पाठ कशी आहे, भाऊ?"

"ठणठणीत."

शेठचा चेहरा पडायचा. दुसऱ्याची पाठ दुखावी म्हणून इतकी वाट पाहणारा माणूस मी दुसरा पाहिला नाही.

अशी आठ वर्षं गेली. शेठच्या घरात खुशबू सून म्हणून आली आणि तिच्यामागून कॉम्प्युटर आला. मालिशीला 'स्पा' म्हणू लागले. चांगदेवला पांढरा सदरा मिळाला, मला चादर मिळाली. तेल तेच राहिलं.

बुकिंग कॉम्प्युटरवर घ्यायचं ठरलं. त्याला आधी भाव शिकवावे लागतात. खुशबू माझ्या शेजारी टेबल लावून बसली.

"पप्पाजी, सीझन सांगा. कधीपासून कधीपर्यंत, आणि कुठल्या वाराला काय रेट."

"लिही. कांदाकाढणी."

"असं नाही चालत. तारीख लागते."

"कांदा काय तारीख बघून निघतो?"

"लग्नसराई टाकू?"

"तिला तरी तारीख कुठाय? मुहूर्त असतात."

शेवटी उन्हाळा आणि पावसाळा एवढ्यावर तडजोड झाली. लेण्याद्री-ओझर करून पुण्याचे लोक शनिवार-रविवारी येतात, म्हणून उन्हाळ्यात त्या दोन वारांना पाचशे आणि बाकीच्या वारांना चारशे. पावसाळ्यात सगळे वार तीनशे. मला कोणी विचारलं नाही. रविवारची पाठ आणि मंगळवारची पाठ माझ्यावर सारखीच पडते.

त्याच वर्षी मे महिन्यात कांद्याची गोणी ट्रॉलीत टाकताना भिमाजीची पाठ धरली. कमरेत वाकून तो दुकानात आला. शेठला इतका आनंद झाला की बसा म्हणायचंही सुचलं नाही.

"पाठ दुखते ना?"

"दुखती."

"लई?"

"लई."

"वा."

भिमाजीने माझ्याकडे पाहिलं, मग कॉम्प्युटरकडे. "आज काय भाव?"

"चारशे, काका," खुशबू म्हणाली.

"मंग पन्नास माझ्यावर निघत्यात. न्हाई निजणार."

"पावसाळ्यात तीनशे होईल."

"मंग पन्नास तुमच्याकडं ऱ्हात्यात."

शेठ म्हणाला, "ते पन्नास रोख देतो."

"रोखच घ्यायचं आसतं तर वखारवाला काय वाईट व्हता?"

"मग आजचे वरचे पन्नास मी सोडले."

"तुमी कोण सोडणार? मी मागाय आलोय का?"

खुशबूने तोड काढली. काकांच्या एकट्याच्या नावावर सूट टाकता येते. आता शेठ भडकला. "एका दिवशी दोन गिऱ्हाइकांना दोन भाव? माझ्या दुकानात नाही चालायचं."

एक वाकलेला आणि एक ताठ, दोघेही हटेनात. भिमाजीच्या कपाळावर घाम आला होता. त्याला उभं राहवत नव्हतं आणि बसवतही नव्हतं.

खुशबूने कपाळाला हात लावला. मग म्हणाली, "दिवसच वेगळा करते. नवा सीझन. येत्या गुरुवारपासून त्याच गुरुवारपर्यंत. रेट साडेतीनशे, सगळ्यांना."

"सगळ्यांना?" भिमाजीने विचारलं.

"सगळ्यांना."

"मंग येतो."

कॉम्प्युटरने हंगामाचं नाव मागितलं. शेठ म्हणाला, "घाल भिमाजी."

खुशबूने कागद छापून दारावर लावला. 'हंगाम भिमाजी, फक्त गुरुवार, साडेतीनशे.' बातमी तालुका ओलांडून गेली. गुरुवारी पेठहून जीपभर पाहुणे आले. रांग रस्त्यापर्यंत गेली. भिमाजीची एसटी नारायणगावला बंद पडली होती. तो आला तेव्हा रांगेत शेवटचा होता. शेठने पुढे बोलावलं, तर म्हणाला, "मला काय शिंगं हायेत? नंबरानं येईन."

त्याच्या पुढच्या पेठकराने मागे वळून विचारलं, "पावणं, आज भिमाजी महाराजांची जयंती हाय का?"

"न्हाई," भिमाजी म्हणाला. "आजून जित्ता हाय."

दिवसभर माझ्यावर माणसं पडत होती आणि उठत होती. माझे पाय कुरकुरू लागले. ऊन उतरलं. रांगेत एकटा भिमाजी राहिला तेव्हा चांगदेव खाली बसला.

"शेठ, बोटं वळंनात आता. उद्या करू."

"उद्या शुक्रवार," खुशबू म्हणाली. "चारशे."

भिमाजी दाराकडे वळला. त्याचा एक हात कमरेवर होता, दुसरा भिंतीवर.

तेवढ्यात आतून शेठाणी कस्तुरबाईंनी हाक मारली. "अहो, दिवस मावळतोय. ताट वाढलंय." शेठ दिवस मावळल्यावर अन्न तोंडात घालत नाही. पाणीसुद्धा नाही. त्याने खिडकीतून पाहिलं. सूर्य शिवनेरीला टेकला होता.

"झाकून ठेव," तो म्हणाला. टोपी काढून त्याने खिळ्याला अडकवली आणि बाह्या वर सारल्या. "भाऊ, निजा."

भिमाजी निजला. लहानपणी तो माझ्यावर चढायचा. वजन बरंच वाढलं होतं.

शेठने उभ्या जन्मात तेल मापलं होतं, चोळलं कधी नव्हतं.

"जोर लावा, शेठ. ह्या हातानं पन्नासाचीबी व्हायची न्हाई."

"गप पडा."

"पडलोच हाय."

शेठने कोपर रोवलं आणि सगळा भार टाकला. कुठेतरी कडकन वाजलं. मला वाटलं, मीच मोडलो. भिमाजी "आई गं" म्हणाला. शेठ घामाघूम होऊन चोळत राहिला. बाहेर अंधार पडला. खुशबूने दिवा लावला.

भिमाजी उठला. आधी हळूहळू, मग सरळ. सदरा घातला.

"फिटलं?" शेठने विचारलं.

"फिटलं," भिमाजी म्हणाला.