गल्लीच्या तोंडापर्यंत

सुताराचा धाकटा मुलगा जन्मला त्या वर्षी त्याच्या बापाने मला लोहाराकडून घडवून घेतले. मी एक जुना वाकस आहे, सुताराचे लाकूड तासायचे हत्यार. मित्रांनो, किती खाटांचे खूर आणि दारांच्या चौकटी माझ्या धारेखालून गेल्या! गिऱ्हाइके सुताराची पाठ थोपटायची. मला पुसून खुंटीला लावले की झाले.

बाप गेल्यावर दोघा भावांनी दुकान वाटून घेतले. करवती, रंधे, पटाश्या वाटल्या गेल्या. माझे दोन कसे होणार?

"वाकस माझा. मी थोरला आहे."

"थोरला म्हणे! आई अंथरुणाला खिळलीय माझ्या घरात, तिचं औषधपाणी मी करायचं, आणि वाकस तुला?"

"तिची खोली हवी म्हणून ठेवून घेतलीस तिला!"

धाकट्याने मला खुंटीवरून ओढले. थोरल्याने हिसकावले आणि रागाच्या भरात चालवले. धाकट्याचा खांदा फाटला. तोवर मी लाकडाशिवाय काही कापले नव्हते.

पोलिसांनी माझ्या गळ्यात चिठ्ठी बांधली, लाखेची मोहोर मारली आणि माझे नाव ठेवले मुद्देमाल. कोर्टाने थोरल्याला दोषी ठरवून शिक्षा दिली. तो वरच्या कोर्टात दाद मागायला गेला. यालाच अपील म्हणतात. मलाही तिकडेच पाठवले. पण तिथे अपिलांचा ढीग एवढा, की पाळी येईपर्यंत त्याची शिक्षाच भोगून संपली असती. म्हणून त्याच्या वकिलाने निकाल लागेपर्यंत जामीन मागितला.

मी टेबलावरच पडून होतो. धाकट्याचा वकील म्हणाला, "हा सुटला की पुन्हा अंगावर येईल. सोडायचाच असेल, तर आमच्या गल्लीत पाऊल टाकायचं नाही."

"मान्य आहे?" न्यायाधीशांनी विचारले.

"मान्य, साहेब, मान्य!"

तुरुंगाच्या दारापलीकडचे त्याला काही सुचतच नव्हते. त्याच गल्लीत आपली आई आहे, हे ना त्याला आठवले, ना त्याच्या वकिलाला. धाकट्याला मात्र आठवत होते. तो गप्प राहिला.

थोरला सुटला. मी कोर्टाच्या मागच्या खोलीत कुलपात राहिलो. दर महिन्याला तो हजेरीला यायचा आणि माझ्या खिडकीखालच्या बाकावर बहिणीशी बोलत बसायचा.

"ताई, त्याला म्हणावं, खाट गल्लीच्या तोंडापर्यंत आण. मी पलीकडूनच बघेन तिला."

"सांगितलं. तर म्हणतो, आई म्हणजे काय कपाट आहे, उचलून दारोदार न्यायला?"

"अट सैल करा म्हणून अर्ज केला, तर भर कोर्टात सदरा काढून खांदा दाखवला त्याने. अर्ज गेला केरात."

"तू तरी कमी आहेस का? खांदा कोणी फाडला?"



"आणि आई?"

"तिने विचारलं, वाकस कोणाकडे आहे? म्हटलं, कोणाकडेच नाही. म्हणाली, मग कशाला भांडता मेल्यांनो?"

शेवटी तर कहर झाला. थोरला गल्लीच्या तोंडाशी उभा आहे हे कळताच धाकट्याने आईची तिरडी मागच्या वाटेने नेली. थोरला तिथेच उभा राहिला. ताईने सांगितले तेव्हा त्याला कळले.

मित्रांनो, हत्यार पुसून, धार लावून नीट ठेवा. आणि डोक्यात राग असेल, तर हत्यार खुंटीवरच राहू द्या. माझ्या पात्याला आता गंज चढला आहे. अपील अजून सुनावणीला आलेले नाही. आई जामिनानंतरच्या दुसऱ्या हिवाळ्यात, सकाळच्या वेळी वारली.