वच्छलाबाईंच्या गालातला बिनडोक

वच्छलाबाईंच्या डाव्या गालातला तुकडा तपासला आणि त्यात कर्करोग निघाला. मित्रांनो, हे घडलेलंच नाही असं समजून पुढं वाचा. त्यांच्या फुलंब्री गावात सगळे तसंच समजताहेत.

मी त्याच गालातलं एक जुनं प्रथिन आहे. वय सहा तास. हसू नका, आमच्यात हे म्हातारपण आहे. आधीचे जाताना पुढच्यांना सगळं सांगून जातात, म्हणून वच्छलाबाईंची चाळीस वर्षं मला पाठ आहेत.

आमचं घराणं मोठं: पी-त्रेपन्न, पी-त्रेसष्ट, पी-त्र्याहत्तर. आकड्यांची नावं एक कैद्यांना असतात, एक आम्हाला. पेशी बिघडली की "थांब, वाढू नको" असा हुकूम सोडायचा, हे घराण्याचं काम. मी त्रेसष्टमधला, पण आखूड. एकाच जनुकातून लांब नमुना निघतो आणि आखूडही निघतो. लांबाला हुकूम सोडणारं डोकं असतं. मला बनवताना सुरुवातच गाळली, त्यामुळे डोकं नाही. डीएनएवरची हुकुमाची खुर्ची मात्र तीच.

म्हणून मी निकामी नव्हे. गालाचं आतलं अस्तर रोज झिजतं, रोज नवं लागतं. ते आम्ही आखूड उभं करतो. तुम्ही गरम भजं तोंडात टाकून हा-हू करता, त्यानंतरची डागडुजी कोण करतं? डोकेवाले?

पण वच्छलाबाईंची मिश्री! तव्यावर तंबाखू काळी होईस्तोवर भाजायची, कुटून डबीत भरायची आणि दिवसातून चारदा बोटानं घासायची. बोट फिरून फिरून डाव्या गालातच थांबायचं. अस्तर पोळलं की निरोप यायचा, "आखूड पाठवा." आम्ही गेलो. परत पोळलं, आणखी गेलो. शेवटी हुकुमाच्या सगळ्या खुर्च्यांवर आम्हीच. थोरला त्रेपन्न दारातून ओरडतोय, "उठा रे, बिघाड झालाय, मला बसू द्या!" उठणार कसे? उठायचं सुचायला डोकं लागतं.

पांढरा चट्टा पहिल्यांदा दिसला नातीला, संस्कृतीला. ती रोज फुलंब्रीहून शहरात लॅबचा कोर्स शिकायला जाते.

"आजी, आ कर. हे पांढरं काय गं?"

"साय असंल दुधाची."

"मिश्री सोड आता."

"दात मजबूत राहत्यात तिच्यानं."

"राहिलेत किती?"

"चार. पर लई मजबूत हायेत."

संस्कृतीनं तिला ओढतच शहरात नेलं. तुकडा काढला, काचेवर ठेवला, फक्त आम्हालाच चढणारा रंग टाकला. आमच्यातले जे त्यात होते ते तपकिरी झाले. "भरपूर आहेत," डॉक्टर म्हणाले. घराण्यातल्या आखूडांचं हे पहिलं कौतुक. मग अहवालात नाव कुणाचं? आमचं! तव्याचं नाही, डबीचं नाही, चाळीस वर्षं फिरलेल्या त्या बोटाचं तर नाहीच नाही.

डॉक्टर म्हणाले, लवकर सापडलंय, पुढच्या आठवड्यात ऑपरेशन केलं तर बाई वाचतील. मिश्री आजपासून बंद. आणि मित्रांनो, वच्छलाबाईंनी ऐकलं. खरंच ऐकलं. आज सकाळी शेजारच्या चंपाबाईला हाक मारली आणि भरलेली डबी तिच्या हातात ठेवली.

"घे बाई. मला डॉक्टरनं बंद केली. परवाच भाजलेली हाय, वाया कशाला घालवायची?"

"अगं माय, लई बारीक कुटली गं," म्हणत चंपाबाईनं तिथंच बोट बुडवलं.

"आजी!" संस्कृती किंचाळली.

"वरडती काय? फुकट दिली, इकली नाय."

चंपाबाईच्या गालातही आमचे आखूड आहेत. अजून मोजकेच. त्यांना निरोप निघाला असेल.

तोंडाची काळजी घ्या वगैरे मी म्हणणार नाही. मला राग आलाय. मी अर्ज करतोय.

प्रति, मा. तपासणी अधिकारी, तपकिरी रंग विभाग. महोदय, विनंती करण्यात येते की, सदर डबीचा पातळ काप काढून तोही काचेवर रंगवावा व अहवालात आमच्या आधी तिचं नाव लिहावं. तसेच चंपाबाईंच्या बोटास पुढील आदेशापर्यंत स्थगिती द्यावी. निर्णय त्वरित कळवावा. अर्जदार संध्याकाळपर्यंत हयात नसेल.