कंटेनरवरचा वर्ग

“व्हर्च्युअल मशीन हायेत म्हणून सांगायचं, मॅडम. त्या बाई काय उघडून बघणार हायेत?” मालोजीसर दारातूनच म्हणाले.

“पण ती नाहीत, सर,” सदफ म्हणाली. “कंटेनर आहेत.”

चौक गावात हायवेलगतच्या गॅरेजांच्या वरच्या मजल्यावर मालोजीसरांची कॉम्प्युटर इन्स्टिट्यूट होती. नव्या अभ्यासक्रमाला प्रत्येक मुलीमागे एक व्हर्च्युअल मशीन, म्हणजे सर्व्हरच्या आत चालणारा वेगळा कॉम्प्युटर, हवं होतं. तिथे शिकवणाऱ्या सदफने तिसरं सुरू केलं की जुना सर्व्हर मान टाकायचा. शेवटी तिने सगळा वर्ग कंटेनरवर, म्हणजे एकाच सिस्टिममधल्या हलक्या, वेगवेगळ्या कप्प्यांवर आणला आणि मुली वर्षभर त्यावरच शिकल्या. आज मान्यता देणाऱ्या मंडळाच्या बाई तपासणीला आल्या.

“प्रत्येकीचं वेगळं व्हर्च्युअल मशीन आहे ना?”

मालोजीसरांनी मान डोलावली.

“नाही,” सदफ म्हणाली. “त्यात प्रत्येकीची अख्खी ऑपरेटिंग सिस्टिम वेगळी असते, कर्नलसकट. म्हणून ते जड. इथे कर्नल, म्हणजे सिस्टिमचा गाभा, सर्व्हरचाच. तो सगळ्या मिळून वापरतात. फायली आणि प्रोग्रॅम तेवढे जिचे तिचे.”

“आणि कर्नल कोसळला तर?”

“सगळ्यांचंच बंद पडतं. तेही मुलींना शिकवलंय.”

“नियमात कंटेनर बसत नाहीत हो.”

“माहीत आहे. पण यालाच व्हर्च्युअल मशीन म्हटलं, तर उद्या मुलींना फरक कुठल्या तोंडाने शिकवू?”

बाईंनी फाइल मिटली. मग मान्यता देता येणार नाही म्हणाल्या आणि गेल्या.

“नुसतं ‘हो’ म्हणायचं होतं तुमी,” मालोजीसर खुर्चीत बसत म्हणाले. “आता पोरींना सर्टिफिकेट नाय. काय सांगू त्यांच्या घरी?”

“मी सांगते. ज्यांना सर्टिफिकेट हवं त्यांनी कर्जतच्या मान्यता असलेल्या वर्गात नाव घालावं. शिकायचंय त्यांच्यासाठी वर्ग चालू आहे.”

“परीक्षेशिवाय कोण येतंय, मॅडम?”

 तरी सदफने शब्द मागे घेतला नाही.

दुसऱ्या दिवशी ऋतिका आली, पळसदरीची जया आली. बाकी खुर्च्या रिकाम्या. मालोजीसर सर्व्हरपाशी येऊन उभे राहिले.

“न येणाऱ्या पोरींचे कंटेनर बंद करून टाका.”

पडद्यावर सगळ्या मुलींची नावं होती. सदफने ती वरपासून खालपर्यंत वाचली.

“राहू द्या,” ती म्हणाली. “जागा खात नाहीत फारशी.”

आणि ती फळ्याकडे वळली.