कोरडी पिकअप

रुपरावची जुनी पिकअप जिथे उभी राही तिथे काळं डबकं ठेवून जाई. गाडी घरी होती की नव्हती, हे मानेवाड्यातल्या शेजाऱ्यांना रस्ता बघूनच कळायचं. मेकॅनिक उन्मेषने खाली शिरून सांगितलं होतं, "इंजिनाचं मागचं ऑइल सील गेलं गा. गिअरबॉक्स उतरवा लागते." पण गिऱ्हाईक दुसऱ्याच दिवशी येणार होतं, आणि विकायच्या गाडीवर खर्च करणारा माणूस रुपरावच्या मते निव्वळ बिनडोक.

गिऱ्हाईक म्हणजे कामठीचे भैय्याजी. गाडीखाली पुठ्ठा अंथरायचा, निवांत चहा घ्यायचा आणि मग पुठ्ठा तपासायचा, ही त्यांची परीक्षा अख्ख्या बाजाराला ठाऊक होती. तिथे नापास झालं की ही ब्याद जन्मभर गळ्यात. म्हणून रुपरावने डोकं चालवलं. पहाटे उठून इंजिनातलं सगळं ऑइल डब्यात काढून ठेवलं. ऑइलच नाही तर गळणार काय! सौदा झाला की परत ओतू. स्वतःच्या हुशारीवर तो इतका खूश झाला की दात घासायचे राहून गेले.

भैय्याजींनी चहा घेतला, पोहे खाल्ले, पुठ्ठा उचलला. कोरडाठाक.

"पाहा भाऊ, एक थेंब नाही," रुपराव छाती फुगवून म्हणाला.

"घेतली मी!" भैय्याजींनी पिशवीतून लिंबू काढून चाकाखाली ठेवलं. "चला, तेलंगखेडीच्या हनुमानापुढे नारळ फोडून येऊ, मग पैसे मोजतो."

रुपराव गाडीच्या दाराशी आडवा आला. "आता काहून? उद्या जाऊ ना."

"शुभ कामाले उद्या?" भैय्याजींनी किल्ली फिरवलीसुद्धा.

अजूनही खरं सांगता आलं असतं. इंजिन वाचलं असतं, अब्रू तेवढी गेली असती. रुपरावने अब्रू वाचवली आणि निमूट शेजारी जाऊन बसला.

"हा लाल लाइट काहून पेटून राहिला गा?"

"जुनी गाडी आहे. तसाच पेटते तो."

वाटेत इंजिन आधी खडखडलं, मग किंचाळलं, आणि चढावर कायमचं गप्प झालं. बॉनेटमधून धूर निघाला. भैय्याजी उतरले. ऑइल मोजायची पट्टी काढली, पुसली, पुन्हा घालून काढली. मग नारळ बगलेत धरून खाली वाकले आणि गाडीखाली नीट निरखून पाहिलं.

"खरं बोलले गा तुम्ही, रुपराव," ते म्हणाले. "एक थेंब नाही."

आणि ऑटोला हात दाखवून ते निघून गेले, नारळ घेऊन.